शेजारी पाणी घेऊन येतो की काठी? पश्चिम आफ्रिकेच्या शांतिसेनेतून वऱ्हाडाने काय घ्यावं

७ डिसेंबर २०२५. रविवारची सकाळ. पश्चिम आफ्रिकेतल्या बेनिन या छोट्या देशाच्या सरकारी टीव्हीवर काही सैनिक आले आणि राष्ट्राध्यक्षांना हटवल्याचं जाहीर करून गेले. संध्याकाळ होईपर्यंत हे बंड मोडलेलं होतं. बेनिनच्या सरकारशी प्रामाणिक राहिलेलं सैन्य तर लढलंच, पण मदतीला शेजारच्या नायजेरियाची लढाऊ विमानंही धावली. त्याच दिवशी ‘इकोवास’ या पश्चिम आफ्रिकी देशांच्या आर्थिक संघटनेने आपली राखीव फौज बेनिनला पाठवत असल्याचं सांगितलं. त्यात नायजेरिया, घाना, आयव्हरी कोस्ट आणि सिएरा लिओन यांचे सैनिक.

याच्या अवघे अकरा दिवस आधी, २६ नोव्हेंबरला, त्याच संघटनेच्या गिनी-बिसाऊ या सदस्य देशात लष्कराने सत्ता घेतली होती. तिथे मात्र इकोवासने सदस्यत्व स्थगित केलं, बोलणी सुरू केली आणि लष्कर सत्तेवर राहिलं.

एका शेजाऱ्यासाठी विमानं, दुसऱ्यासाठी ठराव. असं का होतं?

अमरावती-अकोल्यात बसून आपण हे का वाचावं, असं कोणी विचारेल. एक तर हे देश आपल्याला वाटतात तितके लांब नाहीत. बेनिन, माली, बुर्किना फासो हे कापसाचे देश आहेत. २००३ साली याच तिघांनी चाड या देशासोबत जागतिक व्यापार संघटनेत अमेरिकेच्या कापूस अनुदानाविरुद्ध आवाज उठवला होता. तक्रार आपल्या वऱ्हाडातल्या शेतकऱ्याचीच: आम्ही घाम गाळायचा आणि भाव तिकडे बसून कोणीतरी पाडायचा. दुसरं, रोजीरोटीसाठी गेलेली आपली माणसंही तिथे आहेत. जुलै २०२५ मध्ये मालीच्या पश्चिम भागातल्या एका सिमेंट कारखान्यातून तीन भारतीय कामगारांना हत्यारबंद टोळीने पळवून नेलं.

तिसरं कारण सगळ्यात जवळचं. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावतीने आणि मे २०२३ मध्ये अकोल्याच्या जुन्या शहराने संचारबंदी आणि बंद पडलेलं इंटरनेट पाहिलं आहे. शेजारच्या घरात आग लागली की कोणी धावायचं, कधी धावायचं आणि हातात काय घेऊन धावायचं, हा प्रश्न आफ्रिकेचा आहे तसाच आपल्या गल्लीचाही आहे.

व्यापारासाठी जमले, फौज काढावी लागली

इकोवासची स्थापना २८ मे १९७५ रोजी नायजेरियातल्या लागोस शहरात झाली. हेतू साधा होता. इंग्रज आणि फ्रेंचांनी आखून दिलेल्या सीमांमुळे एकाच बोलीची, एकाच बाजाराची माणसं वेगवेगळ्या देशांत पडली होती. त्यांना एकमेकांकडे सहज जाता यावं, माल विकता यावा. १९७९ मध्ये करार झाला की सदस्य देशाच्या नागरिकाला दुसऱ्या सदस्य देशात ९० दिवस व्हिसाशिवाय राहता येईल. कांदा, गुरं, कापड, मजूर, सगळं इकडून तिकडे फिरू लागलं. संघटनेत १५ देश होते. त्यांपैकी सेनेगल, गांबिया, माली, नायजर, गिनी, सिएरा लिओन अशा अनेक देशांत मुस्लिम लोकसंख्या बहुसंख्य आहे.

१९८९ च्या डिसेंबरात लायबेरियात यादवी पेटली. चार्ल्स टेलर नावाचा बंडखोर राजधानी मनरोव्हियाच्या दिशेने निघाला. निर्वासितांचे लोंढे शेजारी देशांत घुसले. शीतयुद्ध संपत आलं होतं, अमेरिकेचं लक्ष दुसरीकडे होतं. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत घेतलं आणि जगाची नजर आखाताकडे वळली. लायबेरियाकडे पाहायला कोणी नव्हतं. तेव्हा या व्यापारी संघटनेने स्वतःची फौज उभी केली. तिचं नाव ‘इकोमॉग’. ऑगस्ट १९९० मध्ये ती समुद्रमार्गे मनरोव्हियात उतरली. बहुतेक सैनिक आणि बहुतेक पैसा नायजेरियाचा.

पहिलाच अनुभव कडू होता. ९ सप्टेंबर १९९० रोजी लायबेरियाचे राष्ट्राध्यक्ष सॅम्युएल डो इकोमॉगच्या मुख्यालयात आलेले असताना बंडखोरांच्या एका गटाने त्यांना तिथूनच पकडून नेलं आणि ठार मारलं. शांतिसेनेच्या दारात. शिवाय शेजाऱ्यांचं आपसात पटत नव्हतं. नायजेरिया टेलरच्या विरोधात, तर आयव्हरी कोस्ट आणि बुर्किना फासो आतून टेलरच्या बाजूने. म्हणजे एक शेजारी पाणी ओततोय आणि दुसरा मागच्या दाराने रॉकेल पुरवतोय. सैनिकांनी लूटमारही केली. मनरोव्हियाच्या लोकांनी इकोमॉग या नावातल्या अक्षरांवरून एक कडवट विनोद तयार केला: हलणारी प्रत्येक वस्तू गायब.

पण हेही लक्षात ठेवा, की या फौजेमुळेच मनरोव्हिया शहर बराच काळ टेलरच्या हाती पडलं नाही आणि हजारो कुटुंबांना आसरा मिळाला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. ज्याने घर वाचवलं त्यानेच भांडी नेली, असं झालं तर माणूस शुक्रिया कोणत्या तोंडाने म्हणणार?

लायबेरियाची दुसरी यादवी २००३ मध्ये संपली, त्यात एक गोष्ट फौजेइतकीच मोलाची होती. मनरोव्हियात मुस्लिम आणि ख्रिस्ती बायका पांढरे कपडे घालून मासळी बाजाराजवळच्या मैदानात रोज बसू लागल्या. पुढे वाटाघाटी घानाच्या आक्रा शहरात लांबत चालल्या, तेव्हा त्यांच्यातल्या काही जणींनी सभागृहाचं दार अडवलं: करार झाल्याशिवाय बाहेर पडू देणार नाही. ऑगस्टमध्ये इकोवासची नवी फौज उतरली, टेलरने देश सोडला, करार झाला. या बायकांच्या नेत्या लेमा बोवी यांना २०११ चं शांततेचं नोबेल मिळालं. २००७ पासून तिथे संयुक्त राष्ट्रांच्या झेंड्याखाली भारताच्या महिला पोलिसांची तुकडीही होती. पूर्ण महिलांची अशी ती जगातली पहिली तुकडी.

भारतीय जवानांनी पाहिलेलं सिएरा लिओन

शेजारच्या सिएरा लिओनमध्ये १९९१ पासून हिऱ्यांच्या खाणींवरून युद्ध चाललं होतं. मे १९९७ मध्ये लष्कराने निवडून आलेले राष्ट्राध्यक्ष अहमद तेजान कब्बा यांना हाकललं. फेब्रुवारी १९९८ मध्ये नायजेरियाच्या नेतृत्वाखालच्या इकोमॉगने राजधानी फ्रीटाऊन परत मिळवली आणि कब्बा पुन्हा गादीवर बसले. गंमत बघा, तेव्हा खुद्द नायजेरियात सानी अबाचा हा लष्करशहा राज्य करत होता. घरी लोकशाही कोंडून ठेवायची आणि शेजाऱ्याकडे लोकशाही पोचवायची!

१९९९ च्या अखेरीस संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना तिथे आली. तिचे पहिले सेनापती भारताचे मेजर जनरल विजयकुमार जेटली. मे २००० मध्ये बंडखोरांनी सुमारे ५०० शांतिसैनिकांना ओलीस धरलं. कैलाहुन गावात भारतीय गोरखा जवान आणि काही निरीक्षक दोन महिन्यांहून अधिक काळ वेढ्यात अडकले. जुलै २००० मध्ये ‘ऑपरेशन खुकरी’ करून भारतीय सैन्याने वेढा तोडला आणि आपली माणसं बाहेर काढली.

त्यानंतर सप्टेंबरमध्ये जेटली यांची एक गोपनीय टिपणी बाहेर फुटली. नायजेरियाचे काही वरिष्ठ अधिकारी हिऱ्यांच्या व्यवहारात बंडखोरांशी संगनमत करतात आणि शांतता मोहिमेला सुरुंग लावतात, असा आरोप तिच्यात होता. नायजेरियाने तो साफ नाकारला. मोठा वाद झाला आणि भारताने आपली तुकडी मागे घेण्याचं जाहीर केलं.

हे प्रकरण आपल्याला काय सांगतं? जवळचा शेजारी लवकर पोचतो हे खरं, पण त्याचे हितसंबंधही जवळचेच असतात. खाण त्याला दिसत असते, बंदर त्याला दिसत असतं. लांबून आलेल्याला ते नसतात, पण तो उशिरा येतो आणि त्याला गल्ल्या माहीत नसतात. म्हणून प्रश्न शेजारी की परका असा नाही. येणाऱ्याचा हिशेब कोण मागणार, हा आहे.

गांबिया: जिथे जमलं

इकोवासचं सगळ्यात चांगलं काम गांबियात झालं. सेनेगलच्या पोटात नदीकाठाने पसरलेला हा चिमुकला देश. याह्या जामे १९९४ मध्ये बंड करून सत्तेवर आले आणि २२ वर्षं बसले. डिसेंबर २०१५ मध्ये त्यांनी गांबियाला ‘इस्लामी प्रजासत्ताक’ जाहीर केलं. पण त्यांच्या तुरुंगात अनेक पत्रकार आणि विरोधक गडप झाले होते. मजहबचं नाव लावल्याने जुल्म हलाल होत नाही, हे तिथल्या मुसलमानांनाच आधी कळत होतं. १ डिसेंबर २०१६ च्या निवडणुकीत त्यांनी आदामा बॅरो यांना निवडून दिलं.

जामे यांनी आधी हार मानली, आठवड्याभरात शब्द फिरवला. इकोवासने एकामागून एक राष्ट्राध्यक्ष बोलणी करायला पाठवले आणि दुसरीकडे सीमेवर फौज जमवली. १९ जानेवारी २०१७ रोजी बॅरो यांनी सेनेगलमधल्या गांबियाच्या दूतावासात शपथ घेतली. त्याच दिवशी फौज आत शिरली आणि लगेच थांबवली गेली, बोलणीला शेवटची संधी म्हणून. गिनी आणि मॉरिटानियाच्या राष्ट्राध्यक्षांनी जामे यांची समजूत घातली. २१ जानेवारीला ते देश सोडून गेले. मोठी लढाई झाली नाही.

हे का जमलं? जनतेने मतपेटीतून आपला कौल आधीच दिला होता, फौज त्या कौलाच्या मागे उभी राहिली. सगळे शेजारी एका सुरात बोलले. आणि दार उघडं ठेवलं: जा, सुखरूप जा, पण जा.

या मोकळ्या झालेल्या गांबियाने पुढे काय केलं, तेही आठवावं. नोव्हेंबर २०१९ मध्ये रोहिंग्या मुसलमानांवरच्या अत्याचाराबद्दल म्यानमारला आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचणारा देश हाच.  ज्याच्या घरचा जुल्म शेजाऱ्यांनी थांबवला, तो दुसऱ्याच्या घरच्या जुल्माविरुद्ध उभा राहिला.

नायजर: जिथे शेजाऱ्याने दिवे घालवले

२६ जुलै २०२३ रोजी नायजरमध्ये लष्कराने राष्ट्राध्यक्ष मोहम्मद बाझूम यांना कोंडलं. चार दिवसांत इकोवासने इशारा दिला: आठवड्याभरात त्यांना परत बसवा, नाहीतर बळाचा वापरही होऊ शकतो. सीमा बंद झाल्या. नायजेरियाने वीज तोडली. नायजरला लागणाऱ्या विजेपैकी जवळपास ७० टक्के वीज तिथूनच येत होती. धान्याचे ट्रक बेनिनच्या सीमेवर अडकून पडले. औषधांची टंचाई झाली.

त्रास कोणाला झाला? जनरल साहेबांच्या बंगल्यात जनरेटर होता. अंधार झाला तो शिंप्याच्या दुकानात, दवाखान्यात, बर्फाच्या कारखान्यात. सीमेच्या दोन्ही बाजूंना हौसा बोलणारी माणसं राहतात. नायजेरियातल्या कानो-कात्सिनाची लग्नं, व्यापार, सोयरिक नायजरमध्ये. मुलगी तिकडे दिलेली आणि फौज इकडून निघणार. उत्तर नायजेरियातले नेते आणि उलेमा युद्धाच्या विरोधात उभे राहिले, नायजेरियाच्या सिनेटनेही युद्धाला पाठिंबा दिला नाही. ऑगस्टमध्ये शेख बाला लाऊ यांच्या नेतृत्वाखाली नायजेरियातल्या उलेमांचं शिष्टमंडळ थेट नियामेला गेलं. जनरल चियानी त्यांना भेटले आणि बोलणीची तयारी दाखवली. धमकीने जे दार उघडलं नव्हतं, ते ओळखीच्या माणसांपुढे थोडं किलकिलं झालं.

फौज गेली नाही. पण निर्बंध सात महिने राहिले. तोवर नाती तुटली होती. माली, बुर्किना फासो आणि नायजर यांनी सप्टेंबर २०२३ मध्ये स्वतःची वेगळी आघाडी केली आणि २९ जानेवारी २०२५ रोजी इकोवास अधिकृतपणे सोडली. १५ चे १२ राहिले. आणि हे तीन देश सुखात आहेत असंही नाही. २०२५ च्या सप्टेंबरपासून मालीत हत्यारबंद गटांनी इंधनाचे टँकर अडवले, राजधानी बामाकोत पेट्रोलसाठी रांगा लागल्या, शाळा काही दिवस बंद ठेवाव्या लागल्या. शेजाऱ्यांशी भांडण आणि घरात आग, दोन्ही एकदम.

दोन तराजू

नायजर, माली, बुर्किना फासोची सामान्य माणसं इकोवासवर इतकी का चिडली? कारण त्यांना दोन तराजू दिसले. वर्दीवाल्याने सत्ता घेतली की इकोवास गरजते. पण सूटवाल्याने राज्यघटना बदलून खुर्ची पकडून ठेवली की इकोवास गप्प.

गांबियात जामे यांची समजूत घालायला गेलेले गिनीचे अल्फा कोंडे आठवा. तीन वर्षांनी, २०२० मध्ये, त्यांनीच राज्यघटना बदलून तिसऱ्यांदा निवडणूक लढवली. आंदोलकांवर गोळ्या चालल्या. इकोवासने त्यांना काही विचारलं नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये लष्कराने कोंडेंना हटवलं, तेव्हा संघटनेला नियम आठवले. आयव्हरी कोस्टचे अलासान वत्तारा यांनीही २०२० मध्ये तिसऱ्यांदा आणि २०२५ मध्ये चौथ्यांदा निवडणूक लढवून जिंकली. मग लोक म्हणतात, ही राष्ट्राध्यक्षांची युनियन आहे, जनतेची नाही.

लष्करी राजवट हे उत्तर नाही, हे मालीच्या रांगा सांगतात. पण ज्या पंचाचा तराजू वाकडा, त्याचा न्याय बरोबर असला तरी कोणी मानत नाही. इन्साफाशिवाय सुलह टिकत नाही. बेनिनमध्ये या वेळी विमानं वेळेवर पोचली, कारण सरकारने स्वतः मदत मागितली होती आणि सत्ता अजून हातची गेली नव्हती. नायजरमध्ये राष्ट्राध्यक्ष आधीच कोंडले गेले होते. हा फरक मोठा आहे. पण बेनिनच्या सरकारने विरोधकांना निवडणुकीतून बाजूला ठेवल्याच्या तक्रारी आहेत, त्यांचं काय? तिथे शेजारी बोलणार का? इकोवासची खरी परीक्षा आता आहे.

भिवंडीचा अनुभव आणि आपली गल्ली

आता घरी येऊ. देशांच्या फौजा आणि मोहल्ल्याची शांतता या एकाच मापाच्या गोष्टी नाहीत. इथे कायदा आहे, पोलीस आहेत, शांतता राखणं ही सरकारची जबाबदारी आहे आणि ती कोणी आपल्या अंगावर ढकलू नये. पण शेजाऱ्यांच्या कामाचा एक नमुना आपल्या महाराष्ट्रात आहे: भिवंडी.

१९८४ च्या दंगलीत भिवंडी होरपळली होती. १९८८ पासून तिथले पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. त्या फक्त पुढाऱ्यांच्या नव्हत्या, साध्या माणसांच्या होत्या. दोन्ही समाजांची माणसं आणि पोलीस नेमाने एकत्र बसत. दंगल झाल्यावर नाही, काही झालेलं नसताना. नळाची भांडणं, अफवा, मिरवणुकीचा रस्ता, सगळं तिथे बोललं जाई. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये शेजारची मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. यंत्रमागांचं शहर ते. माग बंद पडला तर सगळ्यांचीच चूल थंड, हे गणित कमिट्यांनी लोकांच्या तोंडी आणलं. इकोवास बाजारातून शांततेकडे आली, भिवंडीही.

अमरावतीचा इतवारा बाजार असो की अकोल्याची कापसाची उलाढाल, आपल्याकडेही तेच गणित आहे. शेतकरी एका समाजाचा, अडत्या दुसऱ्या, हमाल तिसऱ्या, जिनिंगमधला कामगार चौथ्या. बंद कोणीही पुकारो, संचारबंदी लागली की हातगाडीवाल्याचा, ऑटोवाल्याचा, घरून ऑर्डर घेऊन शिवणकाम करणाऱ्या बाईचा दिवस बुडतो. इंटरनेट तोडलं की अफवा थांबतात म्हणतात, पण मुलांचे परीक्षेचे फॉर्मही थांबतात. अकोल्यात २०२३ ला ठिणगी पडली ती समाजमाध्यमावरच्या एका पोस्टवरून, आणि त्यात एका माणसाचा जीव गेला. ती पोस्ट पुढे ढकलणाऱ्या शेकडो बोटांतलं एखादं बोट आपल्याही घरातलं असू शकतं, हे कबूल करायला हिंमत लागते.

पश्चिम आफ्रिकेच्या पन्नास वर्षांतून आपल्या कामाच्या तीन गोष्टी निघतात.

पहिली, वेळ. बेनिनमध्ये तासांत हालचाल झाली, लायबेरियात आठ महिने गेले. शांतता समितीची बैठक सणाच्या आदल्या दिवशी चहा-बिस्किटापुरती होत असेल, तर ती नसल्यासारखीच. ओळख आधी हवी, म्हणजे रात्री बारा वाजता फोन उचलला जातो.

दुसरी, एकच तराजू. आपल्या पोराने दगड उचलला तर तोही दगडच. दुसऱ्याच्या पोराचं नाव सांगायचं आणि आपल्याचं झाकायचं, हे अल्फा कोंडेचं काम झालं. त्याच वेळी प्रशासनानेही एकाच बाजूची धरपकड केली तर कमिटीवरचा विश्वास उडतो. हे निर्भयपणे, पण कायद्याच्या भाषेत सांगायला हवं.

तिसरी, शिक्षा करणीला असावी, चुलीला नाही. नायजरचे दिवे घालवून जनरल हटला नाही, फक्त शेजारी दुरावला. ‘त्यांच्याकडून सामान घेऊ नका’ असा संदेश कोणत्याही बाजूने आला तरी त्याचा शेवट तोच. दंगेखोराला त्याचा तोटा होत नाही. भाजीवाल्याला होतो.

आणि लायबेरियाच्या बायका विसरू नका. आपल्या शांतता समित्यांत किती बायका असतात, मोजून पाहा. संचारबंदीत घरात दूध नाही, औषध नाही, पोरगा बाहेर अडकलाय, हे सगळ्यात आधी त्यांना कळतं. पुढची बैठक लागेल तेव्हा मोहल्ल्यातून दोन नावं बायकांची द्या, आणि ती फक्त यादीत ठेवू नका, त्यांना बोलू द्या.